गाडी बंद, पेटी चालू

गाडी तुम्ही बंद केलीत. आग नंतर लागली. हा क्रम आधी डोक्यात नीट बसवून घ्या, कारण तुमच्या तोंडी तो नेहमी उलटा येतो. आधी आग, मग घरातल्या माणसांचा निष्काळजीपणा, आणि गाडीचं तर नावच नाही. जणू गाडी कधी नव्हतीच.

तुम्ही म्हणजे कोण, ते इथे फोड करून सांगत बसत नाही. ज्यांनी पेटी पाठवली, पिवळी टेप पाठवली, फोटो काढून घेतले आणि मग पाठ फिरवली, त्यांना बरोबर समजेल.

आज त्या चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीला तुमचं कुलूप आहे. आत एक काळी पडलेली भिंत आहे आणि कापड कापायचं लांब टेबल. ज्या बाईचं ते टेबल, ती पडदे शिवते. पडदा काही मांडीवर घेऊन शिवता येत नाही. त्याला पसरायला जागा लागते, टेबल लागतं, उजेड लागतो. खोली नाही तर काम नाही. ती खोली तिला परत मिळणार की नाही, एवढीच ही गोष्ट आहे. बाकीचं तुम्ही त्यात घुसडलंत.

घरात माणसं तीन. ही सून, तिचा नवरा आणि सासरे. नवरा औषधांच्या दुकानात दिवसभर उभा असतो आणि घरी आला की बसल्या जागी टोमणे मारतो. त्यात वाईट हेतू नसतो, पाय दुखत असतात. सासरे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचं दुकान केव्हाच उठलं. रेडिओच कुणी आणेना, तर दुकान काय भिंतींकडे बघत चालवायचं? पण हत्यारांची पेटी आणि हातांची सवय ते घरी घेऊन आले.

सवय म्हणजे कशी, तर वाकलेला खिळा दिसला की हातोडीनं सरळ करायचा. पुडक्याची सुतळी कापायची नाही, गाठ सोडवायची, मग दहा मिनिटं जावोत की अर्धा तास. आणि चिकटपट्टी. ही म्हाताऱ्याची खास गोष्ट. कुठल्याही खोक्यावरची, पाकिटावरची चिकटपट्टी ते नखानं कडेनं उचलायचे, श्वास रोखून अखंड सोलायचे आणि पेन्सिलीच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवायचे. घरात अशा टेप गुंडाळलेल्या पेन्सिली किती तरी होत्या. लिहायला मात्र एक सापडायची नाही.

"बाबा, निरोप लिहून ठेवायचाय, पेन्सिल द्या ना," सून म्हणायची.

"लिहायची देऊ की चिकटवायची?" सासरे विचारायचे.

या घरात त्या सवयीचा कुणाला त्रास नव्हता. उलट सुनेला ते आवडायचं. तिच्या माहेरी सगळंच फेकायचे, इथे काहीच फेकत नसत. ती उरलेल्या चिंध्यांतून उशा शिवायला लागली ती इथे आल्यावर.

अशा घरात तुमचा माणूस पेटी घेऊन आला.

तरुण होता, गोड बोलणारा. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन, मागे फोटो काढणारा. सगळी इमारत त्याला पुढे 'पेटीसाहेब' म्हणायला लागली. त्यानं सांगितलं की घरातला बंद पडलेला विजेचा माल, म्हणजे फोन, चार्जर, वायरी, बॅटऱ्या, दिवे, रिमोट, आता रोजच्या कचऱ्यात टाकायचा नाही. टाकला तर दंड. भंगारवाल्याला द्यायचा नाही. दिला तर देणाऱ्यालाही दंड आणि भंगारवाल्याची गाडी जप्त. प्रत्येक इमारतीत एका घरी पेटी राहील, सगळ्यांनी तिथे आणून द्यायचं, आणि ऑफिसची गाडी ठरल्या दिवशी येऊन उचलून नेईल.

"तळमजला आहे, तुम्ही घरीच असता, हसतमुख आहात," तो सुनेला म्हणाला. "तुमच्यासारखं घर नाही मिळायचं, वहिनी."

पडदे शिवणाऱ्या बाईला 'घरीच असता' म्हटलेलं ऐकून सासऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. पण ती कबूल झाली. तिला ते पटलं होतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. भंगारवाले कोपऱ्यावर वायरी जाळून तांबं काढायचे तेव्हाचा धूर तिच्या नव्या पांढऱ्या पडद्यांवर बसायचा. हे सगळं कुठे तरी नीट जात असेल, तर तिला हवंच होतं.

मग पेटीसाहेबानं खिशातून पिवळ्या टेपचं भेंडोळं काढलं. जाड, चकचकीत, त्यावर योजनेची खूण छापलेली. एक जुनी बॅटरी हातात धरली आणि तिच्या दोन्ही टोकांवर पट्टी लावून दाखवली.

"प्रत्येक बॅटरीला अशी. विसरायचं नाही."

सासरे पुढे सरकले. ही टेप त्यांनी नजरेनंच तोलली होती. "मेलेल्या सेलला टेप कशाला, हो?"

"आजोबा, नियम आहे."

"नियम आहे ते कळलं. कशाला आहे?"

पेटीसाहेब हसला. "ते वरून आलंय. आपण लावायची."

लक्षात ठेवा हा प्रश्न. साधा होता, रेडिओवाल्याचा होता. उत्तर एका वाक्याचं होतं: नव्या बॅटऱ्या बंद पडल्या तरी आतून रिकाम्या झालेल्या नसतात, उघडी टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला टेकली की पेटतात. ते वाक्य तुमच्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला हसायला शिकवलं होतं. हसत हसत त्यानं फोटो काढून घेतला, मध्ये सून, एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला तो. सासऱ्यांना चौकटीबाहेर उभं केलं, कारण त्यांच्या बनियनला भोक होतं.

पहिले काही महिने सगळं छान चाललं, आणि ते छान चाललं होतं हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की यांना मुळातच नको होतं. सुनेनं स्वतःची पद्धत बसवली. कुणी काही घेऊन आलं की ती दारातच विचारायची, "खरंच गेलंय का, की कंटाळा आलाय?" कंटाळा आलेला असेल तर ज्याला हवंय त्याला. चार्जर चालू निघाला की दाराबाहेरच्या खुंटीवर टांगायचा, लागेल त्यानं न्यावा. फोन द्यायचा तर आधी त्यातले फोटो आणि नंबर पुसून आणायचे, सिमकार्ड काढायचं. लांब दिवे फुटू नयेत म्हणून ती पडद्याच्या कापडाच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत सारायची, अगदी मापात बसायचे. दुरुस्त होण्यासारखं काही आलं की ते सासऱ्यांच्या टेबलावर. आणि जे खरोखर गेलं असेल तेच पेटीत. बॅटरी असेल तर दोन्ही टोकांना पिवळी पट्टी.

लोक तिला 'पेटीवहिनी' म्हणायला लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या जन्मात कुणाला बरं म्हणत नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या, "काही म्हणा, हिच्यामुळे माझ्या खणातला गुंता गेला. आता खण उघडतो तरी."

सासऱ्यांना तर पुन्हा दुकान मिळालं. केस वाळवायचं यंत्र, टेबलफॅन, बोलकी बाहुली; ते उघडायचे, फुंकर मारायचे, सुटलेल्या तारेला डाग द्यायचे. बाहुली दुरुस्त झाली पण फक्त अर्धं वाक्य बोलायची. काकूंच्या नातीनं ती तरीही परत नेली.

"अर्धं वाक्य बोलणारी बाई," नवरा म्हणाला. "मला द्यायची होतीत, बाबा."

"तुला ऐकणारी हवीये," सून म्हणाली. "तसली अजून निघाली नाही."

गाडी यायची. निळी, लहान, मागे जाळी. पेटी रिकामी व्हायची. मग एका ठरल्या दिवशी ती आली नाही. पुढच्या वेळीही आली नाही. पेटीसाहेबाचा फोन आधी वाजायचा, मग वाजायचा बंद झाला. कुणी म्हणालं त्याची बदली झाली. त्याच्या जागी कोण आलं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

सून तुमच्या ऑफिसात आली होती. काम बुडवून आली होती. एका खिडकीवर सांगितलं, पलीकडच्या खिडकीवर जा. पलीकडच्यानं सांगितलं, ही योजना आमच्याकडे नाही. वरच्या मजल्यावर एक बाई नखं बघत बसल्या होत्या, त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "योजना चालू आहे."

"पण गाडी येत नाही, ताई."

"योजना चालू आहे म्हणजे गाडी येते."

"अहो, मी दारातच बसलेली असते. मशीन दारातच आहे माझं. आली तर दिसणार नाही का?"

"तुम्ही नसाल तेव्हा येत असेल."

"मी नसते कधी?"

"आत्ता नाही का? इथे आलायत ना," त्या बाई म्हणाल्या, आणि शेजारचा कारकून हसला.

ती घरी आली तेव्हा दाराबाहेर तीन पिशव्या ठेवलेल्या होत्या. तिनं दारावर 'पेटी भरली आहे' असा पुठ्ठा लावला. लोकांनी पुठ्ठ्याखाली पिशव्या ठेवल्या. त्यांनी तरी काय करावं? कचऱ्यात टाकलं तर दंड, आणि दंड घेणारा तुमचा माणूस मात्र न चुकता यायचा, त्याची गाडी कधी बंद पडली नाही. भंगारवाल्याला तुम्ही हाकललेलं. तो बिचारा लांबूनच जायचा आणि या इमारतीकडे बघायचासुद्धा नाही, जणू आत त्याची सावकारीण राहते.

एकदा सून त्याला हाक मारायला धावली होती. तो म्हणाला, "ताई, तुमच्या दारातून उचललं तर माझी गाडी जाईल. मग मी काय उचलू, डोकं?" आणि निघून गेला.

मग माल पेटीतून बाहेर आला. आधी पेटीवर, मग पेटीशेजारी, मग शिवणाच्या खोलीत टेबलाखाली. जुने फोन, फुगलेले फोन, लॅपटॉप, खेळण्यातल्या गाड्या, जमीन पुसणारं एक गोल यंत्र, वायरींचे झुबके. बॅटऱ्यांसाठी तिनं जुना पत्र्याचा डबा घेतला. एवढं सगळं होऊनही ती टेप लावत होती. पिवळं भेंडोळं संपत आलं तेव्हा पट्ट्या निम्म्या रुंदीच्या कापायला लागली, पण लावली.

"आपल्या घरात आता चालू स्थितीत आपण तिघंच उरलो," नवरा म्हणाला. "त्यातही बाबांचा एक गुडघा गेलाय."

"गुडघ्याला टोकं किती?" सासरे म्हणाले. "दोन असतील तर पट्टी लावून टाक सूनबाई."

असे हसत होते ते. हे मुद्दाम सांगतो. निष्काळजी माणसं अशी नसतात.

मोठी ऑर्डर आली होती त्या दिवसांत. एका नव्या ऑफिसच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे, जाड, करड्या कापडाचे, आत अस्तर. सुनेच्या मशीनला मोटर होती आणि मोटरची पायाशी जाणारी वायर एका जागी खरवडली होती. मशीन मध्येच थांबायचं, वायर हलवली की चालायचं, आणि एकदा तिच्या पायाला झटका बसला. ती ओरडली. सासऱ्यांनी ऐकलं.

दुपारी ती कापड मोजून घ्यायला बाहेर गेली होती. सासऱ्यांनी वायर बघितली. आतली तार तुटली नव्हती, सैल पडली होती, आणि वरचं आवरण गेलं होतं. गुंडाळायला चांगली टेप हवी होती. पेन्सिलींवरची सगळी खोक्यांची, पातळ, कागदी, विजेला कामाची नाही. पिवळं भेंडोळं संपलेलं. आणि टेबलाखाली पत्र्याच्या डब्यात तसली जाड, चकचकीत पिवळी टेप, पट्टीच्या पट्टी, मेलेल्या सेलवर चिकटवून वाया घालवलेली.

ज्या माणसानं आयुष्यभर चिकटपट्टी वाया जाऊ दिली नाही, त्याला ते बघवेना. त्यांच्या काळात मेलेला सेल म्हणजे मेलेला. उन्हात ठेवला तर थोडा धुगधुगायचा, पण जाळायचा नाही कुणाला. टेपचं कारण त्यांनी विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं, 'वरून आलंय'.

त्यांनी खाली बसून, नखानं कडा उचलून, श्वास रोखून, एकेक पट्टी सोलली. लागली तेवढी वायरीला गुंडाळली, इतकी सुबक की एकही सुरकुती नाही. उरलेली एका पेन्सिलीवर चढवली. बॅटऱ्या परत डब्यात टाकल्या आणि डबा पायानं आत सरकवला. मग चहा ठेवायला आत गेले. सून आल्यावर मशीन चालवून बघेल आणि विचारेल, बाबा, झटका कुठे गेला? तेव्हा काय म्हणायचं, ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं: "वरून आलं होतं, वर पाठवलं."

ते वाक्य बोलायची वेळ आली नाही.

सून परतली तेव्हा जिन्यात पांढरा धूर होता, घशात रुतणारा, गोडसर आणि खवखवीत. पत्र्याच्या डब्यातून फटाफट आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाबरोबर एक ठिणगी उडून करड्या कापडावर पडत होती. सासरे आत होते. ते मशीन ओढत होते. शिवणयंत्र, लोखंडी पायांसकट, एक गुडघा गेलेला म्हातारा एका हातानं ओढतो आणि दुसऱ्या हातानं पेटलेलं कापड बाजूला करतो, असं ते दृश्य.

"बाबा, सोडा ते! बाहेर या!"

"याच्यावर घर चालतं," ते म्हणाले आणि ओढत राहिले.

तिनं त्यांनाच ओढलं. मशीनही आलं. काकूंनी वरून बादल्या आणल्या, नवव्या महिन्यातली तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका जिन्यात उभी राहून बंब बोलवत होती, बंब आला, आग विझली. कुणी मेलं नाही. हे वाक्य तुम्ही पुढे इतक्या वेळा वापरलंत की जणू ते तुमचंच कर्तृत्व.

सासऱ्यांचा उजवा तळवा भाजला. बोटं राहिली, पण अंगठा आणि तर्जनी मिटेनात. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, पूर्वीसारखं होईल असं सांगत नाही. करडे पडदे गेले. ऑर्डर गेली. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. गाडी मागवली तेव्हा जे सापडत नव्हते, ते सगळे एका सकाळीत सापडले. खोलीला कुलूप लावलंत आणि सांगितलंत, पाहणी होईल. दोष घरातल्यांचा निघाला तर ही खोली राहत्या घरात धोकादायक साठा केला म्हणून बंदच राहील.

मशीन तेवढं वाचलं होतं. ते जिन्याखाली उभं केलं होतं. सून ते पुसायला गेली तेव्हा तिला वायर दिसली. काजळी पुसली तर खाली पिवळं. योजनेची खूण छापलेली पिवळी टेप, बिनसुरकुतीची, घरात एकाच माणसाला जमेल अशी गुंडाळलेली.

ती तिथेच जिन्यावर बसली. तिला सगळं समजलं, आणि समजलं तेव्हा राग कुणावर काढावा तेच कळेना. त्यांनी तिच्या पायाचा झटका काढला होता. तिनं पडद्याच्या अस्तराची एक पट्टी आणून वायरीवर शिवून टाकली, बाळाच्या दुपट्यासारखी. पिवळं झाकलं गेलं.

सासरे हत्यारांच्या पेटीकडे पाठ करून बसायला लागले. ती त्यांना भरवायची, कारण उजवा हात बांधलेला आणि डाव्यानं सगळं सांडायचं. एकदा घास घेता घेता ते म्हणाले, "सूनबाई, मशीन चाललं का गं?"

"चाललं, बाबा."

"झटका?"

"नाही बसत."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास नको म्हणाले. तिनं ताट उचललं. त्यांनाही माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे दुसऱ्याला माहीत आहे, हेही. असं घर फार जड असतं.

नवऱ्याला तिनं सांगितलं. त्यानं टोमणा मारला नाही. म्हणाला, "पाहणीत काय सांगणार?"

"टेप लावायची राहून गेली म्हणून सांगेन. माझ्याकडून."

"मग खोली जाईल."

"खरं सांगितलं तरी जाईल. घरातला माणूस म्हणजे घरातला माणूस. मग बाबांचं नाव कशाला?"

"शिवणार कुठे तू?"

"जिन्यात शिवेन," ती म्हणाली. "उजेड बरा आहे तिथे."

पाहणीला मोठे साहेब आले. सोबत दोन माणसं आणि एक छत्री, ऊन होतं म्हणून. कुलूप उघडलं. साहेबांनी उंबऱ्यातूनच काळ्या भिंतीकडे बघितलं आणि नाकावर रुमाल धरला. इमारतीतले सगळे जिन्यात पायरी पायरीवर उभे होते, गच्चीपर्यंत.

"बॅटऱ्यांना टेप लावायची सूचना होती?" साहेबांनी विचारलं.

"होती," सून म्हणाली.

"लावली होती?"

"काहींना लावायची राहिली असेल. माल फार झाला होता."

"असेल की राहिली?"

"राहिली."

"खोटं बोलतीये ती," मागून आवाज आला.

सासरे आतून आले होते. डाव्या हातात पेन्सिलीचा तुकडा. त्यावर पिवळी टेप गुंडाळलेली, घट्ट, एका रेषेत. त्यांनी ती साहेबांसमोर धरली.

"हिनं सगळ्यांना लावली होती. एकूण एक. मी सोलली. मशीनची वायर गुंडाळायला घेतली. मेलेल्या सेलवर चांगली टेप वाया जात होती."

"बाबा," सून म्हणाली.

"गप गं. भरवतेस म्हणून काय माझं बोलणंही तूच करणार?"

जिन्यात कुणी तरी हसायला गेलं आणि थांबलं. साहेबांचा चेहरा मात्र मोकळा झाला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा. इतका वेळ धरलेला रुमालही त्यांनी खिशात घातला.

"मग झालं तर. घरातल्याच माणसानं सुरक्षिततेची टेप काढली. निष्काळजीपणा. आजोबा, तुम्ही रेडिओ मेकॅनिक ना? तुम्हाला एवढं कळू नये?"

"नाही कळलं," सासरे म्हणाले. "म्हणून तर विचारलं होतं तुमच्या माणसाला, टेप कशाला. तो म्हणाला, वरून आलंय. वर म्हणजे तुम्हीच ना? मग आता सांगा. टेप कशाला होती?"

साहेबांनी बाजूच्या माणसाकडे बघितलं. त्यानं दुसऱ्याकडे बघितलं. दुसऱ्याच्या हातात छत्री होती.

"ते तांत्रिक आहे," साहेब म्हणाले.

"हो, तांत्रिकच आहे," दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून ओरडल्या. "यालाही माहीत नाही! अरे, याला पण टेप लावा कुणी तरी, दोन्ही टोकांना!"

आता हशा खालपासून गच्चीपर्यंत गेला. साहेबांनी कुलूप मागितलं. माणूस कडी सरकवायला लागला. सून दारासमोर जाऊन उभी राहिली. ती कधी आवाज चढवणारी बाई नव्हे. तेव्हाही चढवला नाही.

"साहेब, टेप आमच्या घरानं काढली. कबूल आहे. तुम्हाला हवं होतं ते मिळालं. आता माझं एक विचारते. हा माल इथे का होता?"

"साठवून ठेवला होता म्हणून."

"का साठवला होता?"

"ते तुम्हालाच माहीत."

"गाडी आली असती तर डबा रिकामा असता. रिकाम्या डब्याची टेप बाबांनी कुठून काढली असती? गाडी कोणी बंद केली?"

"तो या पाहणीचा विषय नाही."

"मग कुठल्या पाहणीचा आहे? ती कधी आहे? मी तिथे येते."

"बाई, योजना चालू आहे," साहेब म्हणाले, आणि तिला बाजूला व्हायला सांगितलं.

ती झाली बाजूला. दारात उभं राहून कुलूप थांबत नाही. ते लागलं. तुमची माणसं गेली, छत्री उघडून. सासऱ्यांनी पेन्सिल तिच्याकडे दिली आणि म्हणाले, "वायरीवरचं दुपटं काढ आता. झाकायचं काही राहिलं नाही." तिनं काढलं. पिवळी टेप अजून घट्ट आहे. मशीन जिन्यात चालतं, येणारे जाणारे पाय उचलून कापड ओलांडतात, आणि मोठे पडदे ती घेत नाही, कारण पसरायला जागा नाही. छोट्या खिडक्या तेवढ्या घेते. सासरे डाव्या हातानं गाठी सोडवायला शिकतायत. एक सुतळी त्यांना सबंध दुपार पुरते.

आणि त्या इमारतीत बंद पडलेल्या बॅटऱ्यांचं आता काय होतं, ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून इथे सांगतो. पेटीवहिनीच्या दारात पिशव्या येत नाहीत. लोकांना लाज वाटते. ते बॅटऱ्या जुन्या कागदात गुंडाळतात, भाजीच्या देठांच्या आत खुपसतात आणि रोजच्या कचऱ्यात टाकतात. टेप न लावता. कचरा उचलणाऱ्यांच्या गाडीत त्या दाबल्या जातील तेव्हा कुणाचा तरी तळवा भाजेल, आणि तुम्ही पुन्हा छत्री घेऊन जाल, आणि तिथेही घरातल्या कुणाला तरी शोधाल.

तिचं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. तुमची माफी तिला नकोय. बाबांनी टेप काढली ते त्यांनी चार लोकांसमोर, भाजलेल्या हातानिशी सांगितलं. आपल्या वाटणीचं त्यांनी सांगून टाकलं.

आता तुमच्या वाटणीचं. गाडी कोणी बंद केली, आणि त्याच्या खोलीला कुलूप का नाही?

उत्तर द्या.